चांदीच्या कागदातल्या चार अर्ध्या गोळ्या

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर माझ्या हातात पेन आलं ते सही करायला आणि कामावरच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला, तेवढंच. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला अजून नक्की कळत नाही. ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या कडेला जाईपर्यंत खाली उतरते. ही वही नातीची आहे, पहिलीतली. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून मी घेतली. कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. मी हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. तोंडाने सांगायला जमत नाही आणि सांगितल्याशिवाय बरंही वाटत नाही, म्हणून लिहिते.

तोंडाने न बोलण्याची माझी सवय जुनी आहे. ती दातांपासून सुरू झाली.

माझं माहेर बारवी धरणाच्या बाजूला, डोंगरातल्या पाड्यावर. घरचं भात चार महिने पुरायचं, पुढे नाही. मी कडेवर होते तेव्हाच आईवडील उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आले आणि आई एका सिंधी घरी पापड लाटायला लागली. त्या घरच्या मालकीण तेव्हा तरुण होत्या, आता ऐंशीच्या घरात आहेत. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणते. आई पोळपाट घेऊन बसली की मला शेजारी गोणपाटावर ठेवायची. उडदाचं पीठ आणि मिरीची पूड हवेत उडत असायची आणि मी बाराही महिने खोकत असायचे.

अम्मांचे दीर दुकानोदुकानी औषधं पोचवायचे. त्यामुळे घरात नमुन्याच्या औषधांचा एक पत्र्याचा डबा कायम भरलेला. माझा खोकला सुरू झाला की अम्मा तो डबा उघडायच्या, एक पिवळी कॅप्सूल काढायच्या, दोन्ही टोकं ओढून ती सोडवायच्या आणि आतली पूड मधात कालवून स्वतःच्या बोटाने मला चाटवायच्या. “चल मेरी धीअ, जीभ बाहेर,” म्हणायच्या. धीअ म्हणजे त्यांच्यात लेक. पूड कडू असायची, पण मधामुळे चालून जायचं. दोन-तीन दिवसांत खोकला थांबायचा. घरी जाताना आई म्हणायची, “काय गो, अम्मांच्या हाताला गुण आहे बघ.” डॉक्टरचे पैसे आम्हाला परवडणारे नव्हते आणि अम्मांनी कधी एक पैसा घेतला नाही.

सातव्या वर्षी माझे दुधाचे दात पडले आणि नवे आले. आले तेच पिवळे. उन्हात खेळता खेळता ते राखाडी झाले आणि त्यांवर आडव्या तपकिरी रेघा दिसायला लागल्या, वहीच्या पानावर असतात तशा. शाळेत पोरांना मजा सापडली. मिशरी म्हणजे तंबाखू जाळून केलेली पूड, आमच्याकडच्या म्हाताऱ्या दाताला लावतात. “ए आजीबाई, चिमूटभर मिशरी दे की!” मधल्या सुट्टीत रोज हेच. आमच्या बाई चांगल्या होत्या, पण एकदा त्यांनीही विचारलं, “खरं सांग, घरातली मिशरी चोरून लावतेस का?” वर्ग हसला. मी कोळसा, मीठ, राख, लिंबू सगळं घासून पाहिलं. हिरड्यांतून रक्त आलं, रेघा जागच्या जागी. मग मी तोंड उघडणंच सोडलं. कविता म्हणायला उठवलं की उभी राहायचे आणि बस म्हणेपर्यंत तशीच उभी असायचे. चौथी झाल्यावर आई म्हणाली, “पापड लाटायला बोलावं लागत नाही,” आणि माझी शाळा संपली.

बघायला आलेल्या मंडळींसमोर मी ओठ मिटून बसले. त्यांना वाटलं, मुलगी मर्यादेची आहे. लग्न जमलं. बोलताना, हसताना, जांभई देतानासुद्धा पदर तोंडाशी धरायचा, हे इतकं अंगवळणी पडलं की सून घरात आली तेव्हा तिला कित्येक महिने वाटायचं, सासू तिरसट आहे, कधी हसत म्हणून नाही. हे तिने मला पुढे सांगितलं. का ते मी तिला सांगितलं नाही.

नवरा वारल्यावर मला बाहेर काम बघावं लागलं. आम्ही बदलापूरला खरवईत राहतो. तिथल्याच एका बाईने अंबरनाथच्या एमआयडीसीत लावून दिलं. ती एक प्रयोगशाळा आहे. तिथे पांढरे उंदीर पाळतात आणि त्यांच्यावर औषधांचा अभ्यास करतात. माझं काम पिंजरे धुणं, खालचा भुसा बदलणं आणि पाण्याच्या बाटल्या उकळून काढणं. आधी किळस वाटायची. महिन्याभरात सवय झाली. मुख्य म्हणजे तिथे कोणाला माझ्याशी बोलायचं नसायचं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, माझ्याही. मला ते काम आवडलं त्याला हेही एक कारण होतं.

काही पिंजऱ्यांच्या बाटल्या वेगळ्या असत. त्यांत पिवळसर पाणी. तिथला अभ्यास चालवणाऱ्या मॅडम स्वतः ते तयार करायच्या, त्यात साखर घालायच्या. मग मी बाटलीला सगळीकडून चांदीचा कागद गुंडाळायचा, कुठेही फट राहू द्यायची नाही, आणि वर चिठ्ठी लावायची. चिठ्ठीसाठी मॅडमनी मला चार इंग्रजी अक्षरं एका पुठ्ठ्यावर काढून दिली होती. मला इंग्रजी येत नाही, मी ती चित्रासारखी पाठ केली. पहिलं अक्षर पोट पुढे आलेलं, दुसरं गोल, तिसरी फुली, चौथी बेचकी. पोट, गोल, फुली, बेचकी. दिवसाला तीस-तीस चिठ्ठ्या लिहायचे.

एकदा धीर करून विचारलं, “मॅडम, उंदरांना साखर कशाला?”

“औषध कडू आहे ना मावशी. नुसतं दिलं तर पिणार नाहीत, लाडावलेत.”

“आणि कागद?”

“उजेडाने औषध मरतं.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, हातातलं काम ठेवून सांगायला लागल्या. “या उंदरांच्या अंगात आम्ही एक खटका बसवलाय. वडिलांचं नाक मुलाला येतं ना, ते ज्याच्यातून येतं त्याला जनुक म्हणतात. त्यातलं एक जनुक आम्ही या खटक्याला जोडलंय. हे औषध पाण्यातून पोटात गेलं की ते चालू होतं, औषध बंद केलं की बंद.”

“घरातल्या दिव्याच्या बटणासारखं?”

“अगदी तसंच. वायर त्यांच्या अंगात आणि बटण तुमच्या बाटलीत. म्हणून बाटल्यांची अदलाबदल झाली तर माझी सहा महिन्यांची मेहनत गेली, आणि मी तुम्हाला चावेन.”

“एवढ्या कामाचं औषध उंदरांनाच देतात?”

“छे हो! माणसांचंच आहे हे, जुनं आणि स्वस्त. ताप, छातीतला कफ, चेहऱ्यावरचे फोड, कशाकशावर चालतं. लेप्टो माहीत आहे ना, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होतो तो? त्यावरही हेच. खटका वगैरे आमचे उद्योग. मूळ काम जंतू मारायचं.”

मला ते फार आवडलं. एकच वस्तू, माणसात जंतू मारते आणि उंदरात दिवा लावते. घरी येताना रिक्षात मी तेच मनात घोळवत होते.

पण आणखी काही दिवसांनी मॅडम शिकायला आलेल्या एका मुलीला उंदराचं हाड दाखवत होत्या. निळ्या दिव्याखाली धरलेल्या त्या पातळ तुकड्यात पिवळ्याधमक रेघा होत्या. “हाड त्या दिवशी जिथे नवीन वाढत होतं, तिथे हे औषध जाऊन बसतं,” मॅडम म्हणाल्या. “दातांतही तसंच. या जातीची औषधं म्हणूनच आठ वर्षांखालच्या मुलांना देत नसत. नवे दात डागाळतात. रेघा येतात, त्या जन्मभर जात नाहीत.”

मी मागे बाटल्या पुसत होते. मास्कच्या आत माझी जीभ आपोआप दातांवरून फिरली. एक रेघ, दुसरी, तिसरी. प्रत्येक रेघ म्हणजे एक खोकला. मला पिवळी पूड दिसली, मध दिसला, अम्मांचं बोट दिसलं.

तेव्हा मी मॅडमना विचारायला हवं होतं. किती दिवस दिलं तर डाग पडतात? सगळ्या जाती सारख्या का? आता तरी देतात का? पण विचारायचं तर मास्क काढून माझे दात दाखवावे लागले असते, असं मला वाटलं. मी बाटल्या पुसत राहिले. अर्धं कळलं होतं, तेवढं घेऊन घरी आले.

नात तेव्हा सहा वर्षांची होती. आमच्याकडे गौर मूर्तीची नसते, तेरड्याची असते. डोंगरातून मुळासकट तेरडा उपटून आणायचा, त्याची जुडी बांधून तिला साडी नेसवायची. खरवईत आता सगळ्या इमारती झाल्या, तेरडा मिळत नाही. सून म्हणाली, “आई, बाजारात जुडी मिळते, तीस रुपयांना.” मी म्हटलं, विकतची गौर नको. नातीला घेऊन मी माहेरच्या पाड्यावर गेले. कमरेएवढं गवत, त्यात ती फुलांमागे पळत होती. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले, त्या खिंडीतून शिट्टी वाजवत होती. मी तिला जुडी कशी बांधायची ते शिकवलं.

गौरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी तिला ताप भरला. पहिल्यांदा साधा वाटला. गल्लीतल्या डॉक्टरने तापाचं औषध दिलं. औषध उतरलं की ताप परत. चौथ्या दिवशी आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मुलगा टेम्पो घेऊन गुजरातला गेला होता, म्हणून मी आणि सून दोघीच. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पोरीचे सगळे कपडे काढायला लावले आणि विचारलं, “अंगावर कुठे काळी खपली? विडीने चटका दिल्यासारखी?”

“नाही,” सून म्हणाली.

मी पदराआडून म्हटलं, “कमरेला आहे. चड्डीच्या इलॅस्टिकखाली. मी हळद लावली.”

डॉक्टरने बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “शाब्बास आजी! हेच शोधत होते. गवतात गेली होती का ही?”

“गौर आणायला.”

“गवतात डोळ्याला दिसणार नाही एवढा किडा असतो, तो चावला की हा ताप येतो. स्क्रब टायफस म्हणतात. घाबरायचं नाही, औषध साधं आहे. सकाळी अर्धी गोळी, संध्याकाळी अर्धी, काहीतरी खाल्ल्यावर. दोन दिवसांत ताप उतरेल. नाही उतरला तर लगेच आणा.”

डॉक्टरांनी दिलेलं गोळ्यांचं पाकीट सुनेने माझ्या हातात दिलं. मी सहज उलटं करून बघितलं. पोट, गोल, फुली, बेचकी.

मी तिथेच बोलायला हवं होतं. डॉक्टर समोर होत्या, मला शाब्बास म्हणाल्या होत्या. “बाई, ही सहा वर्षांची आहे, दातांचं काय,” एवढंच विचारायचं. पण मागे रांग होती आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. मी पदर तोंडाशी धरून बाहेर आले.

सून उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जाते. तिच्या रजा संपल्या होत्या, म्हणून ती दवाखान्यातूनच कामावर गेली. मी माझ्या कामावर सुट्टी टाकली आणि औषधाचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी पहिली अर्धी गोळी हातात घेतली. पोरगी तोंड उघडून वाट बघत होती. खालच्या हिरडीत नवे दोन दात आले होते, वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढी पांढरी टोकं नुकती दिसायला लागली होती. मला माझी शाळा आठवली. मी तिला तापाचं पातळ औषध पाजलं आणि ती अर्धी गोळी चांदीच्या कागदात गुंडाळून देव्हाऱ्यातल्या हळदीच्या डबीमागे ठेवली. द्यायची नव्हती, तरी उजेडाने मरू नये म्हणून गुंडाळली. हात सवयीने चालला.

माझं मन म्हणत होतं, ताप काय, आज ना उद्या उतरेल. दात मात्र जन्मभर राहणार.

“आई, गोळी दिली?” सुनेने आल्या आल्या विचारलं.

“दिली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिली, संध्याकाळी दिली, तिसऱ्या दिवशी सकाळी दिली, असंच मी सांगत गेले. देव्हाऱ्यामागच्या कागदात चार अर्ध्या गोळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी नात मला ओळखेना. डोळे उघडे, पण मी हाक मारली की भिंतीकडे बघायची. श्वास कुत्र्याला धाप लागते तसा. सून कामावरून धावत आली. निघताना मी ती चांदीची पुडी कमरेच्या पिशवीत घातली. का घातली ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात लहान मुलांचा आयसीयू नव्हता. तिथून बदलापुरातच एका खाजगी दवाखान्यात पाठवलं. त्यांनी पोरीला लगेच आत घेतलं आणि सुनेच्या हातात कागद दिला. पन्नास हजार आधी भरायचे. मुलाने रस्त्यातून दहा पाठवले. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. अम्मांना फोन लावला.

“अम्मा, मी बोलते. पापडवालीची लेक.”

“तुझा आवाज मला माहीत नाही का? रडते कशाला? बोल.”

“नातीला आयसीयूत ठेवलंय. चाळीस...”

“हजार ना? लाख तर नाही? मग एवढं काय. नातसून फोनवरून पाठवते, थांब. पोरीने खाल्लं काही?”

दहा मिनिटांत पैसे आले.

थोड्या वेळाने मुलांचे डॉक्टर बाहेर आले. मोठे, पांढऱ्या केसांचे. सुनेला म्हणाले, “सरकारी दवाखान्याचा कागद बघितला मी. त्यांचा अंदाज मला बरोबर वाटला होता. पण दोन दिवस हे औषध पोटात गेल्यावर स्क्रबचा ताप असा टिकत नाही. म्हणजे हा स्क्रब नसणार. मेंदूला सूज असेल. मी ते औषध बंद करतोय. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासू आणि दुसरं सुरू करू. इथे सही करा.”

सुनेने पेन घेतलं.

डॉक्टर माझ्या खोटं बोलण्यावर विश्वास ठेवून चालले होते. ज्या औषधाने पोरगी वाचणार होती तेच ते बंद करत होते, आणि का, हे साऱ्या दवाखान्यात मला एकटीला माहीत होतं. सही झाली. डॉक्टर आत जायला वळले. दारापर्यंत पाच-सहा पावलं असतील.

“साहेब,” मी म्हटलं. आवाज आला नाही. मी त्यांच्या मागे गेले आणि त्यांची बाही धरली. “साहेब, तिला दिलीच नाही.”

“काय दिली नाही?”

मी पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी उघडली. चार अर्ध्या गोळ्या. त्यांनी बोटाने मोजल्या.

“आई?” सून म्हणाली.

“का नाही दिली?” डॉक्टरांनी विचारलं. ओरडले नाहीत.

मला सांगता येईना. उंदीर, हाड, निळा दिवा, मध, एवढं सगळं कुठून सुरू करायचं? मी तोंडावरचा पदर बाजूला केला आणि दात दाखवले. वरचे, खालचे, सगळे. दारात उभी असलेली नर्स बघत होती. सून बघत होती. नऊ वर्षांत तिने माझे दात असे पाहिले नव्हते.

डॉक्टर पुढे वाकले. “टेट्रासायक्लिन,” ते म्हणाले. “लहानपणी पुष्कळ वेळा दिलं होतं तुम्हाला?”

मी मान हलवली.

“ते जुनं औषध, ते वर्षानुवर्षं पोटात गेलं, म्हणून हे झालं. ही डॉक्सी त्याच जातीतली धाकटी बहीण आहे, आणि द्यायचीय आठवडाभर. एवढ्याने दात डागाळत नाहीत. आणि समजा डागाळले असते, तरी...” नर्सला म्हणाले, “मणक्याचं थांबवा आत्ता. डॉक्सी शिरेतून सुरू करा. लगेच.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. उद्या सांगितलं असतंत तर उशीर झाला असता.”

ते आत गेले. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

“माझ्याशी खोटं बोललात,” सून म्हणाली. “मी रोज विचारत होते. दोनदा, तीनदा...”

“चारदा,” मी म्हटलं.

ती उठून आयसीयूच्या काचेशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप पहिल्यांदा उतरला आणि परत चढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नातीने डोळे उघडले, मला नीट बघितलं आणि म्हणाली, “आजी, मला पापड पाहिजे.” नर्स हसायला लागली. सून उठून बाहेर गेली. काचेतून दिसत होतं, ती जिन्यात बसून रडत होती. मी तिच्याकडे गेले नाही. मला तो हक्क नव्हता.

घरी आल्यावर उरलेल्या गोळ्या सुनेने स्वतः दिल्या. कामावर उशीर झाला तरी चालेल, पण गोळी ती स्वतःच्या हाताने द्यायची आणि पोरीला तोंड उघडून दाखवायला लावायची, गेली की नाही ते. मला काही म्हणायची नाही. जेवायला वाढायची, चहा द्यायची, बोलायची नाही. मुलगा म्हणाला, “आईने मुद्दाम केलं का?” ती म्हणाली, “मुद्दाम केलं नाही हे मला माहीत आहे. मला विचारलं नाही, हे मी विसरू शकत नाही.” ते बरोबरच होतं. शाळेतल्या पोरांना मी घाबरले ते ठीक. पण स्वतःच्या सुनेला दात दाखवायला नऊ वर्षं लागली, आणि त्यासाठी पोरीला मरणाच्या दारात जावं लागलं.

कामावर परत गेले तेव्हा मॅडमना सगळं सांगितलं. मास्क काढून सांगितलं. त्यांनीही मास्क काढला.

“मावशी, मीच अर्धं बोलले. ते जुन्या औषधाबद्दल होतं. आणि तुम्ही ऐकताय हे माझ्या लक्षातही नव्हतं.”

“तुम्ही मला सांगत नव्हताच,” मी म्हटलं. “मी चोरून ऐकलं. चोरून ऐकलेलं विचारता येत नाही.”

त्या दिवसापासून त्यांनी एक केलं. काही नवीन आलं की मला हाक मारतात आणि पूर्ण सांगतात, मला कळो न कळो. आणि मी विचारते. पहिल्या पहिल्यांदा घाम फुटायचा.

अम्मांचे चाळीस हजार मीच फेडणार हे मी मनाशी ठरवलं. मुलगा म्हणाला, आपण सगळे मिळून देऊ. मी नको म्हटलं. गोळ्यांचं सगळं पाकीट बाजारात तीसेक रुपयांना मिळतं. चाळीस हजार माझ्या न बोलण्याचे झाले होते, ते दुसऱ्या कोणी का भरायचे? दर महिन्याला पगार झाला की दोन हजार घेऊन मी कॅम्प दोनला जायचे. अम्मा व्याजाचं नाव काढू द्यायच्या नाहीत. पैसे उशीखाली सरकवायच्या आणि मला तासभर बसवून ठेवायच्या. “आत्ताच आली, आत्ताच निघाली? मी काय बँक आहे?”

अम्मांना दातांचं सांगायचं का, यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांनी मला लेक म्हणून औषध दिलं, त्या काळी कोणाला काय माहीत होतं? मी नातीवरच्या मायेपोटीच तिला औषध दिलं नाही. दोघींनी प्रेमानेच केलं आणि दोघींनी कोणाला विचारलं नाही. त्यांच्यामुळे माझे दात गेले, माझ्यामुळे पोरगी जाणार होती. मग मी कोणत्या तोंडाने त्यांना बोलणार? सांगितलं नाही. सांगणारही नाही.

सून हळूहळू बोलायला लागली. कधी ते नक्की सांगता येत नाही. एकदा भाकरी करताना मी काहीतरी बोलले आणि पदर तोंडाकडे नेला. ती म्हणाली, “आई, राहू दे तो. मी बघितलेत सगळे.” मला हसू आलं. तीही हसली. एवढंच.

नात आता आठ वर्षांची आहे. पुढचे दात पूर्ण आलेत, सशासारखे मोठे आणि पांढरे. एक थोडा वाकडा आहे, तो तिच्या आजोबांचा वारसा. मी रोज बघते. ती कंटाळून म्हणते, “आजी, परत काय बघतेस?” मी म्हणते, काही नाही, मोजते.

काल शेवटचे दोन हजार घेऊन गेले. सोबत नातही होती. अम्मा खाटेवर बसल्या होत्या. मला वाटेत रिक्षाच्या धुराने खोकला लागला होता, तो त्यांच्या दारात पुन्हा आला. अम्मांचा हात लगेच उशाकडच्या डब्याकडे गेला. पत्र्याचा जाऊन आता प्लॅस्टिकचा झालाय.

“अरे, किती खोकते! थांब, माझ्याकडे कॅप्सूल आहे. जोरदार आहे. एका दिवसात साफ.”

“नको अम्मा.”

“का नको? लहानपणी तर चाटून चाटून खायची!”

“आता डॉक्टरला विचारल्याशिवाय घेत नाही. तुम्हीही घेऊ नका. आणि गल्लीतल्या पोरांना तर मुळीच देऊ नका. खोकला पाहून कॅप्सूल देत नाहीत अम्मा, तपासून देतात.”

अम्मांनी डब्यावरचा हात काढून घेतला. मग नातीला म्हणाल्या, “बघ रे बाबा! पन्नास वर्षं ही माझ्याकडे येते, एवढं लांब वाक्य पहिल्यांदा ऐकलं.” नात खिदळली. अम्मांनी डबा मिटून बाजूला ठेवला, तिला पापड भाजून द्यायला आपल्या नातसुनेला हाक मारली.

मी पदराच्या गाठीतून नोटा काढल्या. अम्मा न मोजता उशीखाली सरकवायला लागल्या. मी म्हटलं, “आज मोजा.” त्यांनी बोटाला थुंकी लावून चार नोटा मोजल्या, पाचशेच्या, आणि म्हणाल्या, “पूरे हो गए.”